चिवट

डबा वर्षभर फ्रिजच्या दारात होता,
लोणच्याच्या मसाल्यामागे.
अंबडच्या कारखान्यात यंत्रं बसवून परत जाताना
मोरीशिता नावाच्या माणसाने यांना दिलेला,
दोन्ही हातांनी, वाकून.
यांनी एका हाताने घेतला
आणि घरी येऊन म्हणाले, मेंदी आहे बहुतेक.

मेंदी नव्हती. चहा होता, पिठीसारखा दळलेला.
झाकण काढलं तर थेट आमच्या दिंडोरीच्या गोठ्यातला वास,
पहाटे कापून आणलेल्या ओल्या घासाचा.
मी तेव्हाच त्याला घरातला मानला.

परवा हे म्हणाले, रविवारी कुमुदिनी येतेय सहीला.
मखमलाबादच्या अकरा गुंठ्यांचं हक्कसोडपत्र.
काहीतरी गोड कर.
गोड कर म्हणजे काय, ते बावीस वर्षांत कळलंय मला.
शिरा खाल्ला की माणूस शिऱ्यासारखा होतो
आणि दाखवाल तिथे सही करतो.

म्हणून शिरा नाही.

घोटीचा नवा इंद्रायणी,
शिजला की एकमेकांना न सोडणारा.
धुतला, पंचावर सावलीत वाळवला,
मूठभर साबुदाणा घालून गिरणीत नेला.
गिरणीवाला म्हणाला, काकू, मोदक? पौषात?
म्हटलं, मोदकाची मावसबहीण आहे. जपानात दिलेली.

नारळाचं दूध, साखर, लोणी, बेकिंग पावडर,
आणि तो हिरवा दोन चमचे, चहाच्याच गाळणीतून चाळून.
पीठ इतकं पातळ की वाटलं, फसलं.
शनिवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते आमच्याकडे,
हे विसरले होते.
पहिला घाणा अर्ध्यावर थांबला,
वर साय, खाली खळ.
ती खळ मी ओट्याशी उभ्याउभ्या चमच्याने खाल्ली,
सगळी.

संध्याकाळी दुसरा.
पाऊण तास, मग आणखी दहा मिनिटं.
कडा तपकिरी, मधे तो रंग,
गंगेचं पाणी ओसरल्यावर पायरीवर राहतो ना, तो.
गरम कापू नये. रात्रभर थांबावं.
थांबणं मला येतं.

सकाळी कोपरा चाखला.
चामट नव्हे. रबरी तर मुळीच नाही.
खरवस म्हणावं, तर खरवस लगेच हार मानतो;
हे दाताखाली दबतं आणि परत वर येतं.
चिवट, हाच शब्द.
भाकरीला म्हटला तर नापास,
बाईला म्हटला तर तक्रार.

वन्सं आल्या. नाशिकरोडहून, दोन बस बदलून,
स्वेटरची बटणं वरपर्यंत लावलेली.
यांनी स्टँपपेपर काढला, पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं.
मी बशी मधे ठेवली.

मग कितीतरी वेळ कुणालाच बोलता येईना.
हे सांगायला गेले, अगं इथे खाली,
पण ‘खाली’ टाळ्याला चिकटून बसलं.
वन्सं चावत राहिल्या.
हात मोकळा होता, म्हणून पान उलटलं.
पूर्वेस पाट. पश्चिमेस शिवरस्ता.
ओठ हलत होते, चावण्याने की वाचण्याने, कळेना.
वरून भुरभुरलेली पूड बोटाला लागली होती,
तिचा हिरवा ठसा उमटला कडेला,
सहीच्या जागेपासून चार बोटं लांब.

घास संपला तेव्हा म्हणाल्या,
‘चिवट आहे गं.’
‘हो,’ म्हटलं, ‘असावंच लागतं.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
पेनाला टोपण लावलं.
‘दादा, पुढच्या रविवारी बघू.’
आणि मला, ‘चार तुकडे डब्यात दे.’

हे अजून म्हणतायत,
पाचशेचा स्टँप नासवला तुझ्या त्या गवताने.
मी डबा हलवून पाहिला.
तीन चमचे असेल.
पुढच्या रविवारपुरता आहे.